दुसऱ्यांच्या युद्धात आपला देश गप्प का राहतो? एका जुन्या वर्कशॉपवाल्याचं उत्तर

प्रश्न विचारणाऱ्या ताई गंगाखेडकडच्या आहेत, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात. त्यांचा चुलतभाऊ युक्रेनमधल्या खारकीवला एमबीबीएसला होता आणि मार्च २०२२ मध्ये जीव मुठीत धरून घरी आला. त्या विचारतात: "ज्या शहरावर बॉम्ब पडत होते तिथं आपलीच पोरं तळघरात बसली होती, आणि आपल्या देशानं हल्ला करणाऱ्या रशियाचं साधं नाव घेतलं नाही. गाझाच्या वेळी एकदा तटस्थ, एकदा ठरावाच्या बाजूनं. मग आपलं धोरण तत्त्वावर चालतं की निव्वळ स्वार्थावर? मुलाखतीत विचारलं तर काय सांगू?"

ताई, आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे माझ्या बोलण्याला किती वजन द्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. ईएमईमध्ये, म्हणजे फौजेच्या गाड्या, तोफा, रणगाडे दुरुस्त करणाऱ्या दलात मी अठ्ठावीस वर्षं काढली. शिपाई म्हणून लागलो, सुभेदार होऊन पेन्शनवर आलो. दिल्लीत धोरण ठरतं त्या खोलीत माझं कधी जाणं झालं नाही. मी जे पाहिलं ते खालून, रणगाड्याच्या पोटात शिरून. आता उमरग्याला भरतीच्या पोरांना शिकवतो आणि तुमचा प्रश्न तिथंही आठ-पंधरा दिवसांनी कुणीतरी विचारतंच.

"तत्त्व की स्वार्थ" असं विचारलं की माणूस लगेच एक बाजू धरून बसतो. मला विचाराल तर खरा प्रश्न असा आहे: अमुक युद्धाबद्दल आपण तोंड उघडलं तर आपल्याकडचं काय बंद पडेल, आणि ते दुसरीकडून किती दिवसांत मिळेल? याचं उत्तर दर युद्धाला वेगळं असतं. कोण लढतंय, आपल्या सीमेवर त्या वेळी काय चाललंय, आपली किती माणसं तिथं अडकलीत, तिजोरीत परकीय चलन किती, सगळ्यावर ते अवलंबून. त्यामुळं एक सूत्र पाठ करून सगळ्या युद्धांना लावता येत नाही.

आमच्या कामात बिघाड शोधायची एक रीत असते. इंजिन उचलत नसेल तर एका वेळी एकच पार्ट बदलायचा आणि बघायचं, फरक पडला का. चार पार्ट एकदम बदलले तर गाडी चालू होईलही, पण बिघाड कुठं होता ते कधीच कळत नाही. युक्रेनबाबतच्या आपल्या भूमिकेची जी कारणं दिली जातात त्यांना हीच रीत लावून बघू.

पहिलं कारण, अडकलेले विद्यार्थी. २ मार्च २०२२ हा दिवस घ्या. त्या दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत रशियाच्या निषेधाचा ठराव १४१ विरुद्ध ५ मतांनी मंजूर झाला. ३५ देश तटस्थ राहिले, त्यात आपण. आणि त्याच दिवशी आपल्या दूतावासानं खारकीवमधल्या विद्यार्थ्यांना सांगितलं, संध्याकाळी सहाच्या आत शहर सोडा, वाहन मिळालं नाही तर चालत पेसोचिन, बाबाई, बेझलुदोव्का ही जवळची गावं गाठा. पुढं ८ मार्चला युक्रेनमधल्याच सुमी शहरातून सुमारे सातशे पोरं बाहेर निघाली, त्यासाठी दोन्हीकडच्या तोफा काही तास थांबाव्या लागल्या. आदल्या दिवशी पंतप्रधानांनी पुतिन आणि झेलेन्स्की या दोघांनाही फोन केला होता. दोघंही फोनवर येतात, ही त्या घडीला मोठी गोष्ट होती.

म्हणजे विद्यार्थी हे कारण होतं? आता हा पार्ट काढून बघा. मार्चअखेरपर्यंत बहुतेक पोरं घरी आली होती. त्यांना परत आणायची मोहीम, 'ऑपरेशन गंगा', संपली. तरी पुढच्या ठरावांवर आपलं मत तटस्थच राहिलं. म्हणजे विद्यार्थ्यांमुळं त्या आठवड्यात जास्त जपून बोललो असू, पण भूमिका त्यांच्यामुळं ठरली नव्हती. तुमच्या भावाच्या बाबतीत हे ऐकायला बरं वाटणार नाही, पण हिशेब तसाच लागतो.

दुसरं कारण सगळे सांगतात ते स्वस्त तेलाचं. इथं तारखा बघाव्यात. युद्धाआधी आपण आयात करत असलेल्या कच्च्या तेलात रशियाचा वाटा जेमतेम दोन टक्के होता. तो एक तृतीयांशाच्या वर गेला तो नंतर, युरोपनं पाठ फिरवल्यावर आणि रशियानं सवलत दिल्यावर. हल्ल्यानंतर सुरक्षा परिषदेत आपण पहिल्यांदा तटस्थ राहिलो ते २५ फेब्रुवारीला. तेल हा त्या मताचा नंतर झालेला फायदा आहे, मूळ कारण नव्हे. (आणि फायदा कुणाचा, हेही विचारा. रशियन तेल स्वस्त आलं, पण आमच्याकडच्या पंपावर डिझेल त्या मानानं उतरलं नाही. पोटॅश खताची गोणी त्याच साली सतराशे रुपयांना घेतली, आणि डीएपी खत मागितलं तर दुकानदार 'लिंकिंग'मध्ये, म्हणजे जोडविक्रीत, नको ती बाटली गळ्यात मारायचा. 'देशाचं हित' म्हणतात तेव्हा त्यात मोंढ्यातल्या माणसाचं किती, हे कुणी मोजत नाही.)

उरलं काय? सुट्टे भाग आणि लडाख. इथं मी जरा रेंगाळणार, कारण हा माझ्या रोजच्या कामाचा विषय.

भूकंपाच्या आदल्या वर्षी, म्हणजे १९९२ साली, मी राजस्थानातल्या एका वर्कशॉपमध्ये होतो. आमच्या भागात माणसं सालं किल्लारीच्या भूकंपावरूनच मोजतात. सोव्हिएत युनियन मोडून काही महिने झाले होते. आमच्याकडं टी-७२ रणगाडे आणि बीएमपी, म्हणजे जवानांना नेणाऱ्या चिलखती गाड्या होत्या. तोवर इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, पाठवला की उशिरा का होईना, पेटी यायची. लाकडी पेटी, रशियन अक्षरं, आत ग्रीसमध्ये बुडवलेला पार्ट. आता पेट्या येईनाशा झाल्या. पूर्वी एकाच देशातले कारखाने, ते रशिया, युक्रेन, बेलारूस अशा वेगवेगळ्या देशांत गेलेले. एक पंप इकडं, त्याचं सील तिकडं. पैसे कुणाला द्यायचे, कुठल्या चलनात द्यायचे, याचाच पत्ता नाही. मग एका गाडीचा पार्ट काढून दुसरीला लावायचा, म्हणजे चारात तीन तरी चालतात. चौथी 'व्हीओआर', म्हणजे बंद गाड्यांच्या यादीत. आमचे एक हवालदार म्हणायचे, "सोव्हिएत गेलं दिल्लीच्या पेपरात, पण भोक पडलं माझ्या बिन कार्डात." (बिन कार्ड म्हणजे सुट्ट्या भागांच्या साठ्याची नोंद.)

तेव्हा माझ्या डोक्यात एक गोष्ट बसली. रणगाडा विकत घेणं म्हणजे पुढची तीस-चाळीस वर्षं त्या देशाशी बोलत राहायची हमी देणं. लग्नात हुंडा एकदा दिला जातो, पण सोयरीक जन्मभर सांभाळावी लागते, तसंच.

आता २०२२ कडं या. लडाखमधल्या गलवानला १५ जून २०२० रोजी चिनी फौजेशी झटापटीत आपले वीस जवान गेले. त्यानंतर रणगाडे आणि बीएमपी विमानानं लडाखला चढवले, त्यातले बहुतेक रशियन घडणीचे. चढवणाऱ्या विमानांतही अमेरिकन सी-१७ च्या जोडीला रशियन आयएल-७६ होतंच. गलवाननंतर साधारण आठवडाभरात संरक्षणमंत्री मॉस्कोत होते. पुतिन यांचं सैन्य युक्रेनमध्ये घुसलं तेव्हाही लडाखमध्ये पन्नास हजारांवर फौज समोरासमोर उभी होती. अशा वेळी रशियाचा जाहीर निषेध केला असता तर दोन गोष्टींची भीती होती. एक, सुट्टे भाग आणि दारूगोळा अडेल. दोन, रशिया चीनच्या आणखी जवळ जाईल. यातली दुसरी भीती काही प्रमाणात तरीही खरी ठरली, आपल्या गप्प राहण्यानं ती थांबली नाही. पण पहिली टाळायची हे कुणालाही पटेल. उणे तीस अंशात उभ्या असलेल्या रणगाड्याचा फ्युएल पंप सहा महिन्यांत दुसऱ्या देशातून मिळत नाही. पाश्चात्त्य देशांतून नवा रणगाडा घ्यायचा म्हटलं तर ते काम दहा-पंधरा वर्षांचं.

युक्रेनबद्दलही वर्कशॉपवाल्याच्या मनात एक जुनी आठवण आहे, ती लपवत नाही. १९९० च्या दशकाच्या शेवटी युक्रेननं पाकिस्तानला ३२० टी-८०यूडी रणगाडे विकले. खारकीवच्याच कारखान्यात बनलेले, ज्या शहरात तुमचा भाऊ पुढं शिकला. त्याला उत्तर म्हणून आपण रशियाकडून टी-९० घेतले. पण त्यात युक्रेनला दोष काय द्यायचा? नवा देश, तिजोरी रिकामी, हातात एक चालू कारखाना. त्यांनी त्यांचं बघितलं.

इथवर हिशेब नीट जुळतो. पण चांगल्या मेकॅनिकनं स्वतःचं निदानही एकदा तपासावं. सुट्ट्या भागांमुळंच आपण गप्प राहतो असं म्हटलं, तर १९५६ चं काय? त्या वर्षी ब्रिटन-फ्रान्सनं इजिप्तमधल्या सुएझवर हल्ला केला, तेव्हा नेहरूंनी ताबडतोब खडसावलं. त्याच दिवसांत सोव्हिएत रणगाडे हंगेरीत शिरले, तिथं मात्र आपली जीभ जड झाली. तेव्हा आपल्याकडं सोव्हिएत रणगाडे नव्हतेच. मग? हंगेरीवरच्या एका ठरावात संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली निवडणुका घ्याव्यात अशी मागणी होती. आपण त्या ठरावाच्या विरोधात मत दिलं. दुसऱ्या देशात संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली मतदान, हा पायंडा पडला तर उद्या काश्मीरमध्ये तोच पुढं येईल, ही त्यामागची धास्ती. १९५७ मध्ये सोव्हिएतनं आपल्या बाजूनं काश्मीरवरच्या ठरावाला नकाराधिकार वापरला आणि डिसेंबर १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धात पुन्हा. १९६८ चा चेकोस्लोव्हाकिया आणि १९८० चा अफगाणिस्तान, दोन्हीकडं सोव्हिएत फौज शिरलेली, दोन्ही वेळा आपण तटस्थ. म्हणजे माझे सुट्टे भाग हे एक कारण, पण त्याच्या खाली आणखी जुनं कारण आहे: उद्या आपल्यावर ठराव आला तर कोण हात वर करेल?

हे मराठवाड्याच्या माणसाला वेगळं समजवायला नको. आमचं गाव सोलापूर-हैदराबाद रस्त्यापासून दोन कोसांवर. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज नळदुर्गवरून आत आली, ते रणगाडे माझ्या आजोबांनी बांधावर उभं राहून पाहिलेले. त्याच वेळी निजामाचं शिष्टमंडळ पॅरिसला सुरक्षा परिषदेत भारताविरुद्ध तक्रार घेऊन गेलं होतं, आणि १६ सप्टेंबरला 'हैदराबादचा प्रश्न' परिषदेच्या विषयपत्रिकेवर आला. दुसऱ्या दिवशी, १७ तारखेला, निजामानं शरणागती पत्करली आणि पुढं तक्रारही मागं घेतली. आपण ज्याला मुक्तिसंग्राम म्हणून झेंडा लावतो, ती गोष्ट पॅरिसमध्ये बसलेल्यांच्या लेखी चार दिवसांसाठी 'दुसऱ्यांचं युद्ध' होती. निजामाच्या मदतीला कुणी धावलं नाही, कारण धावून जावं एवढं कुणाचं काही इथं अडकलेलं नव्हतं. आमच्या आजोबांना न्याय मिळाला, त्यात जगाच्या सद्भावनेचा वाटा किती आणि उदासीनतेचा किती, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

इतर देशही याच हिशेबात असतात. २०२१ मध्ये जर्मनीचा निम्म्याहून जास्त गॅस रशियातून यायचा. जानेवारी २०२२ मध्ये, हल्ल्याच्या महिनाभर आधी, त्यांनी युक्रेनला देऊ केलं काय, तर ५,००० हेल्मेट. सगळीकडं हसं झालं. हल्ल्यानंतर तीन दिवसांत त्याच जर्मनीनं संरक्षणासाठी १०० अब्ज युरोंचा निधी जाहीर केला. कारण आता गॅसपेक्षा मोठी भीती दारात आली. फिनलंड दशकानुदशकं तटस्थ होता, रशियाशी १,३४० किलोमीटरची सीमा, ती न डिवचण्यातच त्यांची सुरक्षा होती. हल्ल्यानंतर त्यांना वाटलं, आता न डिवचूनही उपयोग नाही, आणि एप्रिल २०२३ मध्ये ते नाटोत गेले. सीमा तीच, शेजारी तोच, निष्कर्ष उलटा.

मग तत्त्व कुठंच नाही? आहे, पण ते बहुतेक वेळा शब्दांत दिसतं, मतात कमी. २०२२ मध्ये युक्रेनमधल्या बुचा इथल्या हत्यांचा आपण सुरक्षा परिषदेत स्पष्ट निषेध केला आणि स्वतंत्र चौकशीला पाठिंबा दिला, रशियाचं नाव न घेता. त्याच वर्षी उझबेकिस्तानातल्या समरकंदला पंतप्रधानांनी पुतिन यांना समोरासमोर सांगितलं की हा काळ युद्धाचा नाही. २००३ मध्ये अमेरिका इराकमध्ये घुसली तेव्हा संसदेत हिंदीतल्या ठरावात 'निंदा' हा शब्द आला आणि इंग्रजीत त्याहून मवाळ शब्द. एकाच ठरावाला दोन धारा: घरच्या लोकांसाठी एक, वॉशिंग्टनसाठी एक. तुम्ही मराठीतून परीक्षा देणार असाल तर ही गोष्ट लक्षात ठेवा, भाषांतरातही धोरण असतं.

त्याच साली अमेरिकेनं एक डिव्हिजनभर, म्हणजे हजारो जवानांची, फौज इराकला पाठवा म्हणून आपल्याला बराच आग्रह केला. मोह होता. नव्या महासत्तेशी मैत्री, पुनर्बांधणीची कंत्राटं, पुढची शस्त्रं. १४ जुलै २००३ ला वाजपेयी सरकारनं नाही म्हटलं: संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नसेल तर नाही. हे तत्त्व की हित? मी तेव्हा वर्दीत होतो. आमच्या मेसमध्ये सगळ्यांच्या तोंडी एकच नाव होतं: श्रीलंका.

१९८७ मध्ये शांतिसेना तिकडं गेली तेव्हा कागदावर हित शंभर टक्के बरोबर होतं. शेजार, तमिळनाडूतली अस्वस्थता, त्रिंकोमालीचं बंदर परक्यांच्या हाती जाऊ नये. अडीच वर्षांत सुमारे बाराशे जवान गेले. ज्यांच्या रक्षणासाठी गेलो त्यांच्याशीच लढावं लागलं, आणि शेवटी कोलंबोतल्या सरकारनंच जायला सांगितलं. म्हणून 'राष्ट्रहित' म्हटलं की निर्णय आपोआप शहाणा होतो असं समजू नका. हिताचा हिशेबही चुकतो, आणि चुकला की त्याचं बिल धोरण आखणाऱ्याच्या नावावर फाडलं जात नाही.

गाझाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथं माझा अनुभव तोकडा आहे. कारगिलच्या वेळी इस्रायलनं तातडीनं दारूगोळा दिला, हे फौजेत कुणी विसरलेलं नाही. दुसऱ्या बाजूला आखाती देशांत आपली नव्वद लाखांच्या आसपास माणसं आहेत, तेल तिथून येतं. २७ ऑक्टोबर २०२३ च्या ठरावात हमासच्या हल्ल्याचा स्पष्ट उल्लेख नाही म्हणून आपण तटस्थ. १२ डिसेंबरला युद्धबंदीच्या ठरावाला हो. मधल्या सहा आठवड्यांत गाझातले मृत्यू वाढले, अरब जगाचा राग वाढला, तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. कुठल्या गोष्टीनं काटा हलला ते मला सांगता येणार नाही, इथं चारही पार्ट एकदम बदलले गेलेत.

आता तुमची मुलाखत. "तत्त्व की स्वार्थ" विचारलं तर एक बाजू धरू नका. मत वेगळं, भाषण वेगळं आणि करार वेगळे वाचले असं सांगा. मग हे सांगा की आपली भूमिका उद्या बदलायची असेल तर आज काय बदलतंय ते बघावं लागेल. स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेच्या आकड्यांनुसार आपल्या शस्त्र आयातीत रशियाचा वाटा २००९-१३ मध्ये ७६ टक्के होता, २०१९-२३ मध्ये ३६ टक्के. पण ही नवी खरेदी झाली. शेडमध्ये उभी असलेली जुनी गाडी अजून रशियनच आहे, आणि ती निघेपर्यंत आवाज हळूच बदलेल. परीक्षकांनी उलटा प्रश्न केला, की एवढ्यानं आपण नैतिक ठरतो का, तर "नाही" म्हणायला घाबरू नका. गप्प राहण्याची किंमत असते आणि ती युक्रेनमधल्या माणसांनी मोजली, हे मान्य करूनही आपला हिशेब मांडता येतो.

एक उदाहरण जवळ ठेवा. आपल्या नौदलाची 'आयएनएस तुशील' ही युद्धनौका रशियातल्या कालिनिनग्राडच्या गोदीत बांधली गेली. तिची गॅस टर्बाइन इंजिनं युक्रेनची. युक्रेन ती रशियाला विकणार नव्हता, म्हणून ती आपण घेतली आणि रशियन गोदीत पोचवली. ९ डिसेंबर २०२४ ला, युद्ध पेटलेलं असताना, ती नौका आपल्या ताफ्यात आली.

तुमच्या भावाला नमस्कार सांगा. आणि त्याला एकदा विचारा, २ मार्चला तो कुठल्या रस्त्यानं चालत निघाला, पेसोचिनच्या की बाबाईच्या. मला नकाशावर बघायचं आहे.